पोट सुटलेली भिंत

आमच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे भिंत आणि भिंतीखाली खाडी. कित्येक वर्षं ही तिघं आपापल्या जागी गुण्यागोविंदाने राहत होती. मग भिंतीला पोट सुटलं.

हा शब्द माझा नाही, गवंड्यांचा आहे. दगडी भिंत मधोमध फुगून बाहेर यायला लागली की गवंडी एक डोळा मिटतो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, “पोट इला.” आमच्या गवंड्याने हे वाक्य उच्चारलं तेव्हा मी नेमका त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभा होतो. त्यामुळे काही क्षण गैरसमज झाला. मी श्वास आत ओढून घेतला, तो बाजूला सरकला, आणि मग माझ्या लक्षात आलं की दोघांपैकी आत ओढून घेण्याची सोय फक्त मला आहे.

भिंत चाळीस मीटर लांब, खाडीच्या तळापासून रस्त्यापर्यंत तीन मीटर उंच. काळ्या दगडाची, वर जांभ्या चिऱ्यांचा कठडा. कागदोपत्री तिचं नाव ‘संरक्षक भिंत’, गावात ‘धक्को’. तिचं खरं काम रस्त्याची माती अडवून धरण्याचं; पण गावाच्या लेखी तिचं काम संध्याकाळी पाच ते साडेसात चार माणसांना बसायला जागा देणं हे होतं. एक निवृत्त हेडमास्तर, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि एक निवृत्त तलाठी. आळंदीची जी भिंत चालली, तिच्यावर चार भावंडांत एकच निवृत्ती होते. आमच्या भिंतीवर चारच्या चार निवृत्त, मग ती चालायला लागली यात नवल ते काय! फरक एवढाच, की माउलींची भिंत चांगदेवांना सामोरी गेली. आमची खाडीत निघाली होती, आणि तीही पोट पुढे काढून, म्युन्सिपाल्टीत बिलाची चौकशी करायला निघालेल्या माणसासारखी.

भिंतीच्या या वाटचालीची पहिली नोंद पोस्टमास्तरांनी केली. रस्त्याच्या कडेला, भिंतीला समांतर, डांबरात एक भेग पडली होती. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांनी सांगितलं की भेगेत पोस्टकार्ड जातं. दुसऱ्या वर्षी आंतर्देशीय पत्र दुमडून जायला लागलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी नुसतं “बुकपोस्ट” म्हटलं आणि सगळे गंभीर झाले. पण म्हणून त्यांनी बसायची जागा बदलली असं नाही. एवढ्या वर्षांची बैठक आहे, आपण उठलो तर भिंतीला काय वाटेल, असा काहीसा भाव होता. कंडक्टर म्हणाले, “आम्ही बसतंव म्हणान ती हुबी असा. वजन व्हया वरसून.” विज्ञानाच्या नावाखाली याहून वाईट विधानं मी ऐकली आहेत.

आता दोष कोणाचा, यावर चर्चा सुरू झाली. चर्चा म्हणजे एकच मत पंचवीस माणसांनी पाळीपाळीने मांडणं. ते मत असं, की खाडी भिंतीला ओढते. भरती येते, भिंतीवर आपटते, जाताना पायाची रेती घेऊन जाते. मग भिंत खाडीकडे झुकणार नाही तर काय आमच्या घराकडे? पोटशाखा होत्या. एक गट कुर्ल्यांना जबाबदार धरत होता. कुर्ल्या दगडांमध्ये बिळं करतात, त्यामुळे भिंत पोखरते, हे त्यांचं म्हणणं. कोकणात पाण्याच्या बांधकामाबद्दल खेकड्यांवर आरोप होण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. बिचाऱ्यांच्या वतीने बोलायला कोणी नसतं आणि ते पुढे येऊन खुलासा करायला गेले तरी तिरकेच येतात. दुसरा गट वाळू उपशाकडे बोट दाखवत होता, पण ते बोट हळू आवाजात दाखवायचं असतं. तिसरा गट म्हणत होता की इथे पूर्वी देवचाराची जागा होती आणि भिंत बांधताना त्याला विचारलं नव्हतं.

शेवटी, आमच्या भागातल्या प्रत्येक बांधकाम-चर्चेप्रमाणे ही चर्चाही दहाव्या मिनिटाला सिंधुदुर्गावर गेली. महाराजांनी १६६४ साली भर समुद्रात किल्ला बांधायला घेतला, पायाच्या दगडांत शिसं ओतलं, साडेतीनशे वर्षं समुद्र थडका देतोय, काही झालं का? तलाठी म्हणाले, “तसाच करूचा. शिसा ओतूचा.” मी विचारलं, शिशाचा दर सरकारी दरसूचीत कुठल्या पानावर असतो. त्यावर मला सांगण्यात आलं की तुझ्यासारखी माणसं तेव्हा असती तर किल्ला झाला नसता. हे मात्र खरं असावं.

अर्ज केला. आता अर्ज कुणाकडे करायचा, हा भिंतीपेक्षा जुना प्रश्न. रस्ता एका खात्याचा. रस्त्याकडेचं गटार दुसऱ्याचं. खाडी तिसऱ्याची. आणि भिंतीचं पोट ज्या जागेत आलं होतं, ती भरतीरेषेच्या आतली जागा सीआरझेडमुळे आणखी कुणाच्या तरी अखत्यारीत. एका खात्याने कळवलं की भिंत त्यांची नाही. दुसऱ्याने कळवलं की भिंत त्यांची आहे, पण पोट त्यांचं नाही. आणि एका पत्रात, देवाशपथ सांगतो, अशी विचारणा होती की सदर भिंत मूळ रेषेपासून नऊ इंच पुढे सरकल्याचे दिसते, तरी हे अतिक्रमण कोणाच्या परवानगीने झाले, याचा खुलासा सात दिवसांत करावा. हे पत्र तलाठ्यांनी भिंतीवर बसून मोठ्याने वाचलं. भिंतीने सात दिवसांत खुलासा केला नाही. आठव्या दिवशी कठड्याचे दोन चिरे खाडीत पडले. तो खुलासा समजून प्रकरण पुढे सरकलं.

मग पाहणी सुरू झाली.

पाहणी म्हणजे एक गाडी यायची, त्यातून तीन-चार माणसं उतरायची, वरून वाकून खाली बघायची, आणि खाली पाणी असायचं. पाया बघायचा तर पाया पाण्यात. “भरती आहे का?” “भरती आहे.” “बरं, मग परत येऊ.” परत यायचे तेव्हाही पाणीच. असं पाचसहा वेळा झालं. गाडी गेली की मासे विकायला बसणारी आजी पदराने वारा घेत म्हणायची, “ह्येंका कोन तिथी सांगीत नाय?”

एकदा न राहवून तिने साहेबांनाच सांगितलं. “अवो सायबानु, आज चतुर्थी. चाराचो पाऊणपट तीन. तीन वाजता पुरी भरती. तुम्ही इलात अडीचाक, पायो तुमका दिसतलो कसो?”

साहेबांनी हा हिशेब प्रथमच ऐकला असावा. आमच्याकडे तो शेंबड्या पोराला येतो. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ हातात. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, तसं पाणीही येतं. यात कसली जादू नाही. साहेब खूश झाले. “मग अष्टमीला दुपारी बाराला येतो!”

आले. अष्टमी होती, बारा वाजले होते, ओहोटी होती. आणि पाया तरीही पाण्यात होता. कारण अष्टमीला भांगाचं पाणी. भरती अर्धवट, तशी ओहोटीही अर्धवट. पाणी खाली जातं न जातं तोच परत फिरतं. पाया पूर्ण उघडा पडतो तो उधाणाच्या ओहोटीला. उधाण अमावास्येला आणि पौर्णिमेला. तेव्हा भरती भर बाराला, म्हणजे ओहोटी कधी? सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला.

हा शोध मला फार मोलाचा वाटतो. आमच्या किनाऱ्यावर खाडीतल्या भिंतीचा पाया, सूर्य-चंद्र-पृथ्वी यांच्या परस्पर संमतीने, फक्त ऑफिसच्या वेळेबाहेर दिसतो. ऑफिसच्या वेळेत पाया बघता येईल असा एकही दिवस पंचांगात नाही. भ्रष्टाचार, लालफीत, उदासीनता वगैरे शब्द आपण उगाच वापरतो; इथे दोष थेट खगोलाचा होता.

पुढच्या अमावास्येला पहाटे सव्वापाच वाजता दाराबाहेर मोटारसायकल थांबली. हेल्मेट काढलं तेव्हा आत एक तरुण मुलगी होती. नवीन जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर. पायात गमबूट, हातात बॅटरी आणि टेप. तिने मला विचारलं, “काका, खाली उतरायला पायऱ्या कुठे आहेत?” मी लुंगीवर होतो, त्यामुळे हाताने दाखवलं. ती उतरली, चिखलातून चाळीस मीटर गेली, चाळीस मीटर परत आली, आणि पहिला प्रश्न असा विचारला, की आजवर आलेल्या एकाही गाडीने तो विचारला नव्हता.

“काका, भिंतीची भोकं कुठे गेली?”

दगडी भिंतीत मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, हे मला माहीत होतं. लहानपणी आम्ही त्यांत हात घालून कुर्ल्या काढायचो. पण ती भोकं कुर्ल्यांसाठी नसतात, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. भिंतीमागच्या मातीत पावसाचं पाणी मुरतं. ते बाहेर पडायला वाट हवी, म्हणून भोकं. इंग्रजीत त्यांना वीप होल म्हणतात, आणि वीप म्हणजे रडणं. तीन-तीन मीटरची दांडगी भिंत, पण तिला रडायची सोय करून ठेवावी लागते. आमच्या भिंतीची ती सोय गावाने काढून घेतली होती.

कशी, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी स्वच्छतेच्या स्पर्धेत गावाचा नंबर यावा म्हणून भिंती रंगवायची टूम निघाली. पुलावरून येणाऱ्या पर्यटकांना ही भिंत समोरच दिसते, म्हणून तिच्यावर चित्रं काढायचं ठरलं. ओबडधोबड काळ्या दगडावर चित्र कसं निघणार? म्हणून आधी आख्ख्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला. मग त्यावर माड, होडी, मासे, पाणी वाचवण्याचा संदेश आणि एक भला मोठा निळा डॉल्फिन. नंबर काही आला नाही. पण गिलाव्याखाली भोकं गेली, आणि त्याबद्दल कोणी ब्र काढला नाही. उलट त्यातून सरपटणारं यायचं ते बंद झालं म्हणून समाधान होतं.

एक भोक तेवढं वाचलं. ते नेमकं डॉल्फिनच्या डोळ्याच्या जागी आलं होतं आणि चित्रकाराने कलात्मक दृष्टी ठेवून तिथे गिलावा न मारता नुसती काळी कड काढली. त्यामुळे पावसाळाभर डॉल्फिनच्या डोळ्यातून पाण्याची धार लागायची. पर्यटक पुलावर गाड्या थांबवून रडणाऱ्या डॉल्फिनचा फोटो काढत. समुद्रातल्या प्रदूषणावर ते फार बोलकं भाष्य आहे, असं एका पुण्याच्या पाहुण्याने मला सांगितलं. मी मान डोलावली होती.

जेईने बॅटरीचा झोत आधी माडांवर टाकला, मग डॉल्फिनवर. माडांपाशी भिंतीला नऊ इंचांचं पोट होतं. होडीपाशी सात. आणि डॉल्फिनच्या आजूबाजूला दोन-तीन मीटर भिंत ओळंब्यात सरळ उभी होती. “हाच एक शहाणा आहे,” ती डॉल्फिनकडे बघत म्हणाली, “रडून मोकळा होतो.”

त्या संध्याकाळी तिने चार निवृत्तांना भिंतीवरून उठवलं. हे याआधी कोणालाच जमलं नव्हतं. निवडणुकीच्या सभेलाही नाही. रस्त्याच्या कडेच्या तांबड्या मातीत काठीने आकृती काढून तिने हिशेब मांडला. भिंत तीन मीटर उंच. मागची माती कोरडी असली तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा रेटा येतो. भिंत तेवढा सोसते, तिचा जन्मच त्यासाठी. पण तीच माती पाण्याने तुडुंब भरली आणि पाण्याला वाट नसली, तर माती आणि पाणी मिळून रेटा होतो सहा टन. दुपटीच्याही वर. माती स्वतःच्या दाण्यांवर थोडीफार तरी उभी राहते, पाणी ती तसदी घेत नाही. ते सगळा भार शेजाऱ्यावर टाकतं.

कंडक्टरांनी लगेच रूपांतर केलं. पॅसिंजरांनी भरलेली गाडी सोळा टन धरली, तर चाळीस मीटर भिंतीवर पंधरा गाड्यांचा रेटा. “आणि कोरड्यात सात. म्हणजे सातांची डबल ड्यूटी लावली आपण तेका.” युनियनचा माणूस, त्यांना भिंतीची बाजू एकदम पटली.

“पण खाडी ओढता त्याचा काय?” तलाठ्यांनी शेवटची तटबंदी लढवली.

“खाडी ओढत नाही,” ती म्हणाली. “भरतीचं पाणी उलट भिंतीला समोरून टेकू देतं. भिंत सरकते ती मोठ्या पावसात, ओहोटीला. बाहेरचं पाणी उतरतं, मागचं आत अडकून राहतं. समोरचा आधार गेला, मागून रेटा तसाच. खाडी पाया थोडा खाते, ते खरं. त्याचीही व्यवस्था करू. पण ढकलणारे तुम्ही आहात.”

‘तुम्ही’ हा शब्द तिने आदरार्थी वापरला की अनेकवचनी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मात्र इतकी वर्षं ज्या खाडीच्या नावाने आम्ही बोटं मोडली, ती रोज दोनदा येऊन भिंतीला हात देऊन जात होती, हे ऐकून मासेवाल्या आजीने आमच्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. तिने खाडीची बाजू आधीपासून घेतली होती. कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

हेडमास्तरांना या साऱ्यात एका गोष्टीचा धक्का बसला. मातीच्या रेट्याचं हे गणित प्रथम नीट मांडणारा माणूस कुलॉम, असं जेई सहज बोलून गेली. “कुठला कुलॉम? आमचा?” हेडमास्तरांनी अडतीस वर्षं दहावीला विद्युतप्रभार शिकवला होता आणि त्या एककाच्या नावापलीकडे त्या माणसाला काही घरदार असेल, असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. तोच तो. फ्रेंच सैन्याचा इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची कित्येक वर्षं गेली, तब्येत गेली, आणि परत आल्यावर १७७३ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला, त्यात माती भिंतीला कशी ढकलते, याचा हिशेब होता. विजेकडे तो नंतर वळला. हेडमास्तर बराच वेळ गप्प होते. मग इतिहासाचा विषयही काही वर्षं त्यांच्याकडे होता, त्यातलं त्यांना आठवलं. १७७३, म्हणजे नारायणराव पेशव्यांचं साल. तिकडे पॅरिसमध्ये एक माणूस सांगत होता की भिंतीला धोका पाठीमागून असतो, आणि इकडे शनिवारवाड्यात पोरगा “काका, मला वाचवा” म्हणत पळत होता. “दोघांचा विषय एकच की हो!” हेडमास्तर म्हणाले. मला वाटतं, ते शिकवत असताना हे सुचलं असतं तर माझे दोन मार्क वाढले असते.

अंदाजपत्रक झालं, तांत्रिक मान्यता झाली, प्रशासकीय मान्यता झाली, मध्येच आचारसंहिता लागून उठली. टेंडर निघालं आणि सतरा टक्के बिलो गेलं. हे ‘बिलो’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सरकार म्हणतं या कामाला शंभर रुपये लागतील, ठेकेदार म्हणतो मी त्र्याऐंशीत करतो, आणि उरलेल्या सतरा रुपयांचं काय होतं, ते पुढची दहा वर्षं रस्त्यावरून चालणाऱ्याला कळत राहतं.

दिवाळीनंतर कामाचा मुहूर्त. नारळ फोडायला पुढारी होते, पण आमच्याकडे नारळाने काम भागत नाही, गाऱ्हाणं घालावं लागतं. गाऱ्हाणं घालणाऱ्या आबांचं वय ऐंशीच्या पुढे. आवाज मात्र पलीकडच्या तीरावर जातो. त्यांनी जेईला बाजूला घेऊन दहा मिनिटं काम समजून घेतलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या ठिकाणी तुझी लेकरां जमली असत, ह्या धक्क्याचा काम हाती घेतला असा, ता तडीक ने, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या कामात जो कोण आडकाठी घालीत, तो खाडीतलो असो, खात्यातलो असो, नायतर खुर्चेतलो असो, तेची बुद्धी सरळ कर, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” खुर्चीतल्यांनीही म्हटलं, म्हणावंच लागतं.

“कंत्राटदार सतरा टक्के बिलो गेलो असा, तेचा शिमीट बिलो जाव नये, रे म्हाराजा!”

या वेळी जो ‘व्हय म्हाराजा’ झाला, त्याने पुलावरचे बगळे उडाले. ठेकेदार हात जोडून खाली बघत होता.

“आणि भितीच्या पाठीक जा पाणी साठता, तेका तेची वाट गावांदे. आणि ज्या कोणी, जाणते-अजाणतेपणी, ती वाट बुजवली असात, तेका सुबुद्धी दी आणि तेची चूक पदरात घे, रे म्हाराजा!”

इथला ‘व्हय म्हाराजा’ जरा आत राहिला. प्रत्येकाला काहीतरी आठवत असावं.

काम सुरू झालं आणि गावाला काही महिने करमणूक मिळाली. मुंबईत लोक सिनेमाला जातात. आमच्याकडे जेसीबी आला की पुरतो. माणूस बाजारात निघालेला असतो, जेसीबी दिसतो, पिशवी काखेत जाते आणि हात पाठीमागे बांधले जातात. हात पाठीमागे बांधल्याशिवाय बांधकाम बघताच येत नाही, हा नियम कोणी केला माहीत नाही, पण चार वर्षांच्या मुलापासून सगळे पाळतात. चार निवृत्तांची बैठक मोडली होती, म्हणून त्यांनी आमच्या ओट्यावर संसार हलवला. चहाचा रेटा दिवसाला चार कपांवरून सोळा कपांवर गेला, आणि त्याला वीप होल नव्हतं.

पोट आलेला भाग उतरवायचा, मागची माती खणून काढायची, दगड परत लावत यायचं. भिंतीच्या पाठीला आता माती थेट टेकवायची नव्हती. मध्ये गोट्या-खडीचा उभा थर, म्हणजे पाणी मुरलं की त्यातून खाली येईल आणि दर दीड मीटरवर बसवलेल्या चार इंची पाइपांतून बाहेर पडेल. पाइपांना उतार खाडीकडे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पहिले सहा पाइप गवंड्याच्या पोराने उतार रस्त्याकडे ठेवून बसवले होते आणि ते जेईने काढायला लावले. पायाशी, खाडी जिथे रेती खाते, तिथे गॅबियन. म्हणजे तारेच्या जाळीचे पिंजरे, आत दगड. मूळ इटालियन शब्दाचा अर्थही ‘मोठा पिंजरा’ असाच आहे. दगड भरून पिंजऱ्याला कुलूप लावल्यासारखी तार वळताना पाहून एकाने विचारलं, “दगड पळान जातत की काय?” ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, “जातात. पोलिसांत तक्रारसुद्धा आहे.”

टेट्रापॉड टाका, मरीन ड्राइव्हवर आहेत तसे, अशी एक मागणी आली. तिच्यामागे सुरक्षेपेक्षा त्यांच्यावर बसून फोटो काढायची सोय होती, असा मला संशय आहे.

सगळ्यांत मोठी गंमत पाण्याची. सिमेंट घातलं की त्याला रोज पाणी मारावं लागतं. समोर खाडीभर पाणी, पण खारं; ते पायाच्या काँक्रीटला चालत नाही, आतल्या सळ्या गंजतात. गोडं पाणी टँकरने यायचं. आता रांगेत उभं राहून हंडा भरणाऱ्या बायकांसमोरून एक टँकर रोज सकाळी जाऊन भिंतीला आंघोळ घालतो, हे दृश्य किती दिवस चालणार? तिसऱ्या दिवशी टँकर अडला. तोडगा निघाला तो असा: आधी पाच हंडे पाणी रांगेतल्या पहिल्या पाच घरांना, मग भिंतीला. भिंत अठ्ठावीस दिवस शेवटच्या नंबरला राहिली आणि चांगली घट्ट झाली.

आणि मग तो दिवस उजाडला.

जेसीबी आमच्या घराच्या अगदी समोर, भिंतीमागची माती काढत होता. दात कशाला तरी अडकला. मुकादमाने हात वर केला. मातीतून एक पाइप बाहेर आला, राखाडी, तोंड भिंतीच्या पाठीकडे. रस्त्याखालून आलेला. कागदावर कुठेच नसलेला. पंचवीस-तीस माणसं हात पाठीमागे बांधून बघत होती. जेई खाली वाकली. “हा कुठून येतो?”

मी उत्तर द्यायचं टाळत होतो. खरं तर मला आठवतच होतं. पूर्वी पाण्याची लाइन टाकायला रस्ता खणला होता, तेव्हा दोन मजुरांना चहा आणि शंभराची नोट देऊन आम्ही आमच्या पागोळीच्या आणि मोरीच्या पाण्याचा पाइप त्याच चरातून पलीकडे नेला होता. खाडीत सोडायचा होता, पण भिंत आडवी आली. मजूर म्हणाला, “राहूंदे, मातीत जिरात.” जिरलं. वीसएक वर्षं जिरलं.

मी गप्प राहिलो असतो आणि कदाचित निभावलंही असतं. पण त्याच क्षणी पाइपातून आधी गडगडल्यासारखा आवाज आला, मग बुडबुडे, आणि मग धो धो पाणी. पांढराशुभ्र फेस. गुलाबाचा वास. सगळ्यांच्या माना एकाच वेळी आमच्या घराकडे वळल्या. ओट्यावर सौभाग्यवती उभी होती. तिने निरागसपणे विचारलं, “काय झालं हो? मशीन लावलंय मी.”

“पोट इला,” गवंडी म्हणाला. पण या वेळी तो भिंतीकडे बघत नव्हता.

गाऱ्हाण्यातली ‘चूक पदरात घे’ ही ओळ कोणासाठी होती, ते त्या दिवशी ठरलं. पाइप तोडला, आमचं पाणी नव्या गटाराला जोडलं. त्याचा खर्च मी केला. पोस्टमास्तरांनी सांत्वन केलं, “तुमचा पत्र चुकीच्या पत्त्यावर जाय होता, एवढांच.”

मेच्या अखेरीस भिंत पुरी झाली. गिलावा नाही, चित्र नाही, नुसता काळा दगड आणि त्यातून डोकावणारी पन्नासएक पाइपांची तोंडं. डॉल्फिनचा भाग मात्र जेईने तसाच ठेवला. तो पडायला तयारच नव्हता. चार निवृत्त कठड्यावर परतले. आमचा चहा चार कपांवर आला.

सात जूनला पाऊस आला नाही, दहाला आला. आला तो रात्रभर कोसळला. सकाळी दार उघडलं तर समोर गर्दी. पन्नासच्या पन्नास तोंडांतून पाणी पडत होतं, एकसारखं, न्हाणीघरात एकदम सगळे नळ सोडावेत तसं. आणि गर्दीतून आवाज येत होते. नवी भिंत, पहिल्याच पावसात गळती! पैसे खाल्ले. बिलो गेला तेव्हाच कळायला हवं होतं. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. एकजण ऑनलाइन तक्रार भरत होता आणि ‘गळती’ला कोणता पर्याय निवडायचा, असं विचारत होता.

दुपारी पाऊस थांबला तेव्हा सहज वाकून पाहिलं. माडाच्या जागेसमोरच्या तीन भोकांत नारळाची सोडणं कोंबलेली होती. अगदी व्यवस्थित, ठोकून, पाण्याचा थेंब येणार नाही अशी. काम निगुतीने केलेलं होतं; गावाच्या कळकळीबद्दल मला कधी शंका नव्हती.

मी पंचांग काढलं. तिथी द्वितीया. दोनाचा पाऊणपट दीड. भरती रात्री दीडला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेसातच्या पुढे. तोवर निवृत्त उठून गेलेले असतात. साडेसात वाजता मी छत्री, बॅटरी आणि जुनी लोखंडी पहार घेऊन निघालो. सौभाग्यवतीने विचारलं, कुठे?

“भिंतीला रडवायला,” मी म्हटलं.

ती म्हणाली, जाताय तर चपला घालून जाऊ नका, चिखलात राहतात. आणि दाराआडचे जुने गमबूट पुढे केले.